लवकर गढूळ होणारा फ्लास्क

कारखान्यात तिला सगळे आम्लबाई म्हणत. हे नाव तिच्या जिभेवरून पडले होते. संशोधनावरून पडले असते तर तिला जास्त आवडले असते. पण संशोधनाची दखल घ्यायला ते समजावे लागते, जीभ कुणालाही समजते.

वडिलांनी साखरेच्या द्रावणापासून व्हिनेगर करण्याचा कारखाना काढला, थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तो वाढवला, आणि तिने वरच्या मजल्यावरच्या लांबुळक्या खोलीत तारुण्याचा उरलेला सगळा भाग खर्चून एक जंतू घडवला. या तीन कामांपैकी पहिल्या दोहोंची छायाचित्रे दर्शनी दालनात लावलेली होती. तिसऱ्याचे छायाचित्र काढायला सूक्ष्मदर्शक लागला असता, आणि दालनात पाहुणे येत ते सोफ्यावर बसायला.

साधा जंतू हा मोठा बेशिस्त प्राणी असतो. त्याच्यापासून हवा काढून घेतली आणि पुढ्यात साखर ठेवली, तर ती मोडून तो जगतो खरा; पण त्या मोडतोडीतून जो भार साठतो तो कुठेतरी टाकून त्याला मोकळे व्हावे लागते, आणि टाकायला त्याच्यापाशी अनेक दारे असतात. एका दाराने ॲसिटिक आम्ल बाहेर पडते, म्हणजे व्हिनेगर. दुसऱ्याने लॅक्टिक, म्हणजे नासलेल्या दुधाचा आंबटपणा. तिसऱ्याने मद्यार्क. आणि अगदी मागच्या, क्वचित कधी उघडणाऱ्या दाराने सक्सिनिक आम्ल, ज्यापासून मातीत कुजून जाणारे प्लास्टिक करता येते. आम्लबाईने पुढची सगळी दारे एकेक करून बंद केली. ज्या जनुकांच्या जोरावर ती उघडत होती ती जनुकेच कापून काढली. मागचे एक दार तेवढे ठेवले. तिचा सिद्धांत एका वाक्याचा होता आणि एका वाक्याचा सिद्धांत मांडणाऱ्या सर्वांप्रमाणे तिला त्याचा भारी गर्व होता: ज्याला एकच दार उरले आहे त्याला जगायचे तर त्याच दाराने जावे लागेल, म्हणून जो अधिक जोमाने जगेल तो अधिक आम्ल देईल.

जंतूने हा सिद्धांत वाचलेला नव्हता. दारे बंद झाल्यावर तो रुसला. साध्या जंतूने फ्लास्कमधला पोषक द्रव रातोरात गढूळ केला असता. हिचा वाण चार-चार दिवस ढिम्म हलत नसे. द्रव स्वच्छ राही, आम्ल नावापुरते निघे, आणि दादा जिन्यावर भेटला की विचारी, "काय गं, तुझा जंतू उठला का?"

तिने याच्या आधी दुसरा एक वाण केला होता. त्यात दारे बंद केली नव्हती, वरून जनुके घातली होती. आणि त्यातले जे जंतू भराभर वाढत ते ही घातलेली जनुके झटकून टाकून, साखर फस्त करून, आम्लाच्या नावाने हात वर करत. त्या फसवणुकीनंतर वरच्या खोलीत एक नियम झाला होता. वेळेआधी गढूळ झालेला फ्लास्क एक तर बाहेरच्या जंतूने बाटलेला, नाही तर कामचुकारांनी भरलेला. दोन्ही प्रकारांत तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या त्या पिंपात घालून, आतले सगळे मारून टाकायचे. त्या वाणासाठी नियम योग्यच होता. पुढे वाण बदलला, नियम बदलला नाही. मूळ ग्रंथ हरवल्यावरही त्यावरचे भाष्य शतकानुशतके घोकले जाते, हे तिने इतरांच्या बाबतीत अनेकदा हसून सांगितले होते.

अशा या खोलीत एके सकाळी दादा आपल्या जावयाला घेऊन आला.

जावयाने पदवी रसायनशास्त्रात घेतली होती आणि मग ती विसरण्यासाठी व्यवस्थापनाची दुसरी घेतली होती. लग्न झाल्यापासून तो कारखान्याच्या एकेका खात्यात काही महिने बसे, तिथल्या माणसांना उत्साह देई, आणि ती माणसे राजीनामा द्यायच्या बेतात आली की पुढच्या खात्यात जाई.

"अगं, जावईबापू आजपासून तुझ्याकडे बसणार," दादा म्हणाला. "त्यांना सगळं दाखव. पुढेमागे त्यांनाच बघायचंय हे."

"बघायचंय ना? खुर्ची देते. बसून बघू देत."

"आत्या, मी शिकायला आलोय," जावई हसून म्हणाला. तो सतत हसे. दात चांगले होते.

"शिकायला वय लागतं, जावईबापू. तुमचं निघून गेलं."

दादाने छताकडे बघितले आणि तो खाली निघून गेला. बहिणीला आवरणे हे त्याने कधीच सोडून दिले होते. तो फक्त ती जिथे बसे त्या मजल्याचे पंखे दुरुस्त करायला विसरे.

तिने जावयाला कोपऱ्यातले टेबल दिले आणि त्या खोलीतले सगळ्यांत निरर्थक काम दिले. पाच फ्लास्क. त्यांत तोच ढिम्म वाण. पाचही गढूळ होईपर्यंत थांबायचे, मग पाचांतून सारखे थेंब घेऊन नव्या पाच फ्लास्कमध्ये घालायचे, आणि पुन्हा थांबायचे. मूळ वाण तिने गोठवून सुरक्षित ठेवलेलाच होता, तेव्हा हे हलते फ्लास्क जगले काय नि मेले काय, कुणाचेच अडणार नव्हते.

"आणि घाई करायची नाही," तिने बजावले. "घाई केलीत तर तुम्ही जावई आहात हे मी विसरेन."

"ते तुम्हाला आत्ता तरी कुठे आठवतंय?" तो म्हणाला.

उत्तर चांगले होते. त्यामुळे तो तिच्या मनातून उतरला नाही. तो आधीच उतरलेला होता. पण आता त्याच्यावर लक्ष ठेवावेसे वाटेना, आणि पुढची चूक तिथून सुरू झाली.

कारण जावयाने थांबण्याचे काम पहिल्या आठवड्यातच सोडले. त्याला संध्याकाळी रस्ते तुंबायच्या आत घर गाठायचे असे. पाच फ्लास्कपैकी एखादा आधी गढूळ झाला, की तो त्यातूनच थेंब घेई, पाचही नवे फ्लास्क त्याच्यातूनच भरी, उरलेले चार धुवायला पाठवी, टेबल पुसून लख्ख करी आणि निघे. टेबल पुसणे ही त्याची एकमेव चांगली सवय होती आणि पुढे तीच नडली. असे तो कित्येक आठवडे करत राहिला. जो आधी जागा होतो त्याचीच पिलावळ पुढे न्यायची, बाकीच्यांना गटारात सोडायचे. ज्याला शास्त्रात निवड म्हणतात आणि जिच्यावर लोकांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत, ती हा माणूस कंटाळ्यापोटी करत होता आणि त्याला तिचे नावही माहीत नव्हते.

एके दिवशी तो एक फ्लास्क हातात धरून तिच्या टेबलाशी आला. आतला द्रव ताकासारखा पांढरट गढूळ होता.

"आत्या, हा सकाळी घातला होता. आणि दुपारीच बघा."

तिने मान वर केली नाही. "बाटलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही फ्लास्कच्या तोंडाशी बोललात, खोकलात किंवा विचार केलात. बाहेरचा जंतू शिरलाय. माझा वाण दुपारी उठत नाही."

"गेले आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा लवकर होतोय. एकदम झालेलं नाही हे. बाहेरचा शिरला असता तर एका दिवसात झालं असतं ना?"

हा युक्तिवाद बरोबर होता. त्याच्या तोंडून तो आला नसता तर तिने तत्क्षणी पेन खाली ठेवले असते. पूर्वपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मगच ते खोडावे, ही शिस्त तिने जन्मभर इतरांना शिकवली होती. पण पूर्वपक्ष कोट घालून, दात दाखवत समोर उभा राहील अशी तिची अपेक्षा नव्हती.

"मग कामचुकार असतील," ती म्हणाली. "काम टाळून वाढणारे. अशांची वाढ भराभर होते. कारखान्यात तुम्हाला उदाहरणं सापडतील."

"एकदा तपासून तरी बघा."

"यंत्राचा वेळ वाया घालवायला ते व्यवस्थापनाचं नाही."

तो हसला नाही. पहिल्यांदाच. फ्लास्क परत नेऊन ठेवला, चमचाभर द्रव एका बारीक कुपीत घेतला आणि तळमजल्यावर तपासणीच्या खोलीत जाऊन तपासनिसाच्या हातात दिला. तपासनीस हा कारखान्यातला सर्वांत निःपक्षपाती माणूस होता. त्याला कुणीच आवडत नसे. त्याने नमुना बारीक गाळणीतून गाळला, गाळणी कचऱ्यात टाकली आणि कुपी यंत्राच्या रांगेत शेवटी लावली. पुढे बरेच नमुने होते. "उद्या," एवढेच तो म्हणाला.

त्या संध्याकाळी दादाने तिला घरी जेवायला बोलावले. वहिनीने वाढले आणि ती लगबगीने दुसऱ्या खोलीत गेली, त्यावरून आम्लबाईला कळले की जेवताना काहीतरी ऐकायचे आहे.

"उद्या संध्याकाळी भागीदार कंपनीची माणसं येतायत," दादा म्हणाला. "जावईबापूंनी फोन केलाय त्यांना. तो फ्लास्क दाखवायचाय."

"कुठला फ्लास्क? तो बाटलेला?"

"तुझ्या दृष्टीनं. त्यांच्या दृष्टीनं तो दुपारीच उठतो. आपल्याला उठणारा जंतू हवाय गं, झोपणारा नको. फ्लास्क खरा निघाला तर वरचा मजला जावईबापूंकडे देणार आहे मी. खोली, माणसं, वाण, सगळं. तू सल्लागार म्हणून राहा."

"आणि खोटा निघाला तर?"

"तर मीच त्यांना दुसरीकडे बसवीन. माझं पण डोकं पिकलंय. गोदामात बसवतो. गोदामात काही बिघडत नाही." त्याने पानातला भात कालवला. "बिघडलं तरी कळत नाही."

ती वाढलेले सगळे जेवली. अन्न टाकणे हा तिच्या मते भावनांचा गचाळ प्रकार होता.

दुसऱ्या सकाळी जावई पाहुण्यांची सोय बघायला बाहेर गेला होता. त्याचे पाच फ्लास्क हलत्या फळीवर एका तालात डुलत होते, पाचही गढूळ. तिने ते बघितले. एक क्षण हातात धरून वासही घेतला. नासलेला वास नव्हता, व्हिनेगरचा उग्रपणा नव्हता. काहीच वास नव्हता. जिचा या विषयात कुणी हात धरू शकत नसे त्या बाईला हे काहीच-नसणे पुरे बोलके वाटायला हवे होते. पण तिच्या डोक्यात गोदाम होते, दात होते, आणि दालनात लागणारे नवे छायाचित्र होते. नियम तिच्या बाजूने होता. वेळेआधी गढूळ झालेला फ्लास्क वाफेत. तिने पाचही फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये ठेवले, रोजच्याप्रमाणे तपासणीच्या खोलीतला कचऱ्याचा डबाही मागवून आत रिकामा केला, झाकण आवळले आणि बटण दाबले. दाबाचा काटा चढत गेला. तिने हात धुतले, नेहमीसारखे कोपरापर्यंत.

ऑटोक्लेव्हची वाफ सुटून गेली होती तेव्हा तपासनिसाचा फोन आला.

"बघून जा," तो म्हणाला.

"सांग की."

"बघून जा."

तपासणीच्या खोलीतले यंत्र द्रवातले पदार्थ वेगवेगळे करून प्रत्येकाचे शिखर पडद्यावर काढते. जितका पदार्थ जास्त तितके शिखर उंच, आणि कुठले शिखर कुठल्या आम्लाचे ते त्याच्या जागेवरून कळते. आम्लबाई पडद्यासमोर उभी राहिली. व्हिनेगरच्या जागी सपाट रेघ. लॅक्टिकच्या जागी सपाट. मद्यार्काच्या जागी सपाट. साखरही संपलेली. आणि सक्सिनिकच्या जागी एक शिखर, एकटे, इतके उंच की त्याचे टोक पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन मोडले होते.

बाहेरचा जंतू असता तर बाकीची दारे उघडी असती आणि त्यांची आम्ले दिसली असती. कामचुकार असते तर सक्सिनिकच्या जागी काहीच दिसले नसते. जगात एकच जंतू असा होता ज्याची बाकी सगळी दारे बंद होती, आणि तो तिने घडवला होता. तो वाढायला शिकला होता; जो जोमाने जगेल तोच आम्ल देईल, या तिच्या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाप्रमाणे वागायला शिकला होता. आणि तिने त्याला आत्ताच शिजवले होते.

"परत एकदा लाव," ती म्हणाली.

"नमुना संपला. गाळणी?" तपासनिसाने रिकाम्या डब्याकडे बघितले. गाळणीत जिवंत जंतू अडकून राहिले असते, पण तीही सकाळी डब्याबरोबर वाफेत गेली होती. "बरं," तो म्हणाला आणि पुन्हा आपल्या कुप्यांकडे वळला.

जुने फ्लास्क रोजच्या रोज धुतले गेले होते, टेबल पुसून लख्ख होते. जावयाने काहीही गोठवून ठेवले नव्हते. गोठवायचे असते हे त्याला सांगायची तिने तसदी घेतली नव्हती. त्या वाणाचा एक जिवंत कण कुठे उरला नव्हता.

दुपारी दादाच्या खोलीत तिला बोलावणे आले. जावई आधीच उभा होता, लाल झालेला.

"मारले तुम्ही," तो ओरडला. "मुद्दाम. मी नसताना!"

"आवाज खाली," दादा म्हणाला. "काय गं, खरं?"

"खोलीचा नियम आहे. वेळेआधी गढूळ झालेलं वाफेत घालायचं. वर सगळ्यांना ठाऊक आहे तो."

"नियम! आत्या, तुम्हाला बघवत नव्हतं! मी केलेलं तुम्हाला बघवत नव्हतं!"

"तुम्ही काय केलंत, जावईबापू?"

आपण काय केले हे त्याला खरोखरच माहीत नव्हते. दादा त्याच्याकडे बघत राहिला. थोरल्या माणसाच्या चेहऱ्यावर अनेक खात्यांचे, अनेक राजीनाम्यांचे, मुलीच्या फोनांचे साचलेले ओझे एकदम दिसले.

"बाटलेला फ्लास्क दाखवायला लोकांना बोलावलंत तुम्ही," दादा जावयाला म्हणाला. "ती माणसं घरून निघालीयत. त्यांना काय सांगू आता? उद्यापासून गोदामात बसा. आणि फोन करायची माझी परवानगी घ्या."

"बाबा, पण मी तपासणीला दिलेला..."

"गोदामात."

ती जिंकली होती. खोली तिची, वाण तिचा, कोपरा रिकामा. तपासणीच्या खोलीतला पडदा कुणी बघितला नव्हता आणि बघितला असता तरी दादाला त्या रेघा डोंगरासारख्याच वाटल्या असत्या. तपासनीस न विचारता बोलला असता तर तो तपासनीस राहिला नसता. तिने फक्त गप्प राहायचे होते, आणि गप्प राहणे हे कुठल्याही संस्थेत पात्रतेचे लक्षण मानले जाते.

दादाने सुस्कारा टाकला. आता तो बहिणीशी मायेने बोलणार होता, आणि मायेने बोलताना तो सगळ्यांत धोकादायक असे.

"चल, झालं. तुझं तू कर वर. पण एक सांगू का? ते एका दाराचं काय म्हणतेस ना तू, ते सोडून दे आता. इतकी वर्षं झाली. नाही उठत तो. कल्पना चांगली होती गं, पण खोटी निघाली. होतं असं. व्हिनेगरच्या तपासण्या कर, पंखे बसवून देतो नवे."

खोटी. तिने हा शब्द पंखे, गोदाम, दालनातली छायाचित्रे या सगळ्यांच्या वरून ऐकला. ज्या वाक्यासाठी तिने लग्न, गावे, माणसे आणि झोप यांच्यावर पाणी सोडले, ते वाक्य खोटे आहे असे तिला एक व्हिनेगर विकणारा माणूस दयाबुद्धीने सांगत होता. आणि ते खरे आहे याचा पुरावा एक मजला खाली, पडद्यावर, टोक मोडून उभा होता. सत्याची चाड म्हणून ती पुढे बोलली, असे कुणी पुढे म्हणाले तर तो त्याचा भोळेपणा. तिला राग आला होता. इतकेच.

"खाली चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"तपासणीत. तुम्ही पण या, जावईबापू. बघून घ्या, परत दिसणार नाही."

तिघे खाली गेले. तपासनिसाने खुर्ची मागे सरकवली आणि जागा करून दिली. तो बाहेर गेला नाही, कारण त्याला कुणी सांगितले नाही. आम्लबाईने पडद्यावर बोट ठेवले आणि वर्गात समजावतात तसे समजावले. इथे व्हिनेगर असते, नाही. इथे लॅक्टिक असते, नाही. इथे मद्यार्क, नाही. हे सक्सिनिक. हा माझा वाण आहे, दुसऱ्या कुणाचा असू शकत नाही. कल्पना खरी आहे.

"हे कधीचं?" दादाने विचारले.

"कालच्या फ्लास्कचं. निकाल आज आला."

"जो तू सकाळी..."

"हो."

"म्हणजे होता," दादा सावकाश म्हणाला. "आपल्याकडे होता. आणि तू मारलास."

"मी घडवलाही होता."

"घडवला मी!" जावई ओरडला. "आत्ता म्हणालात ना, काय केलंत! हे केलं!"

"तुम्ही घरी जायची घाई केलीत. पण हो. त्या घाईनं झालं."

हे वाक्य उच्चारताना तिच्या जबड्यात कळ आली. तपासनीस तोंड फिरवून खोकला. त्याच्या जन्मातले ते बहुधा एकमेव हसू होते.

दादाने पडद्याकडे पाठ केली. मग तो जे बोलला ते त्याने ओरडून सांगितले असते तर सोपे गेले असते. "वरचा मजला जावईबापूंचा. तू तिथे काम करशील, ते सांगतील ते करशील. आणि परत एखाद्या फ्लास्कला त्यांना न विचारता हात लावलास तर वर येऊ नकोस." भागीदार कंपनीच्या माणसांना त्याने रस्त्यातूनच परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी जावई तिच्या खुर्चीवर बसला होता. तिच्या वाट्याला आता कोपऱ्यातली खुर्ची होती.

"नेमकं काय केलं होतंत?" तिने विचारले. "कुठल्या फ्लास्कमधून घेत होतात? किती वेळाने?"

"कोण विचारतंय? आत्या की आम्लबाई?"

"जिला उत्तर द्यायला तुम्हाला जड जाणार नाही, ती."

"जो आधी पांढरा झाला त्याच्यातून. निघायची वेळ झाली की." त्याने खांदे उडवले. "कंटाळा आला होता हो. सांगू का खरं? मला वाटलं होतं तुम्ही मला मुद्दाम फालतू काम दिलंय."

"दिलंच होतं."

त्याने मान डोलावली, जणू एक हिशोब मिटला. मग त्याने ड्रॉवरमधून पेन काढले. खुर्ची माणसाला किती चटकन बदलते याचे शास्त्र अजून कुणी नीट लिहिलेले नाही. ज्याने नियम न पाळून सगळे मिळवले होते त्याने अधिकार हातात येताच पहिली गोष्ट केली ती नियम करण्याची. आणि तो त्याला एकच माहीत होता, तिचा. गोठवलेल्या मूळ वाणातून पाच फ्लास्क नव्याने घालावेत. पाचही गढूळ होईपर्यंत थांबावे. पाचांतून सारखे घ्यावे. कुणीही घाई करू नये. "परत चूक नको," तो म्हणाला. "काय झालं तर माझ्या डोक्यावर येईल आता."

"याने काही होणार नाही. सगळ्यांत सारखं मिसळलंत की चांगला त्यातच बुडतो. आधी उठणाराच घ्यायला हवा, प्रत्येक वेळी."

"तुमचाच नियम आहे, आत्या."

"चुकीचा आहे."

"हे तुम्ही तेव्हा म्हणायला हवं होतं," जावई म्हणाला. दात अगदी चांगले होते.

ती ढिम्म फ्लास्क बघत बसली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार फ्लास्क काचेसारखे स्वच्छ होते आणि पाचव्याच्या तळाशी, प्रकाशाकडे धरून बघितले तर, धुरासारखा एक पांढुरका पडदा होता. तिने बर्नर पेटवला. नवे पाच फ्लास्क ओळीने मांडले, पाचव्याचे तोंड ज्योतीवरून फिरवले आणि नळीने थेंब उचलला.

"काय चाललंय?"

जावई कोट घालून उभा होता, किल्ल्या हातात. तिने थेंब पहिल्या फ्लास्कमध्ये सोडला.

"पाचही गढूळ झाले का?" त्याने विचारले.

"एकच झालाय."

"मग थांबायचं."

तिने दुसरा थेंब सोडला. "नाही थांबत."

"बाबांनी काय सांगितलंय ते विसरलात? मी आत्ता फोन केला तर उद्यापासून तुम्हाला फाटकातून आत घेणार नाहीत."

"करा." तिसरा. "फोन जिन्यात करा, इथे ज्योत हलते."

त्याने फोन काढला. बोट पडद्यावर धरून तो उभा राहिला, आणि त्याचे डोळे खिडकीकडे गेले, जिथे खाली रस्ता तुंबायला लागला होता. त्याने दादाला फोन लावला असता तर दादा वर आला असता, बोलणे झाले असते, आणि घरी जायला आणखी उशीर झाला असता. त्याने फोन खिशात टाकला.

"लवकर आटपा," तो म्हणाला. "मला खोली बंद करून निघायचंय."

"तेच तर करतेय."

चौथा, पाचवा. तिने पाचही नवे फ्लास्क हलत्या फळीवर ठेवले, बर्नर विझवला आणि जुने चार स्वच्छ फ्लास्क उचलून त्याच्या पुढ्यात धरले.

"हे जाताना वाफेत घाला."

"यात काय बिघडलंय? हे तर अगदी नियमाप्रमाणे चाललेत."

"म्हणूनच," आम्लबाई म्हणाली.